खंडेनवमीला पुसलेल्या चार डिस्क

आमच्या घरी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. आईचं शिलाई मशीन, विळी, मिक्सर, बाबांची पान्यांची पेटी आणि गेली काही वर्षं माझा लॅपटॉप. पूजेआधी प्रत्येक वस्तू बाबा स्वतः साफ करतात. ते नोकरीभर एका कारखान्यात फिटर होते. तिथे त्या दिवशी मशीन खोलायचं, आतली घाण काढायची, तेल द्यायचं आणि मगच हार घालायचा अशी पद्धत होती. वरवर फडकं मारून हार घातलेला त्यांना खपत नाही. "आंघोळ न घालता नवऱ्याला मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसतं," असं ते म्हणतात.

त्या वर्षी खंडेनवमीला मला सुट्टी नव्हती. अंधेरीच्या ऑफिसातून बोरीवलीला घरी पोचले तेव्हा पूजा होऊन गेली होती. पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, उदबत्तीचा वास, आणि टीव्हीशेजारी माझ्या खोक्यावरही झेंडूचा हार. मला बरं वाटलं. मी फोटोसुद्धा काढला.

खोका म्हणजे आमच्या घरचा सर्व्हर. एका ऑफिसने टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर मी आणला, त्यात लिनक्स घातलं आणि हळूहळू करत चार डिस्क जोडल्या. घरातले फोटो, विजेची बिलं, आईच्या मालिकांचे चुकलेले भाग, सगळं त्यात असतं आणि फोनवरून किंवा टीव्हीवर बघता येतं. आई त्याला "तुझा फ्रीज" म्हणते. तो घुरघुरतो, आणि आत काय ठेवलंय ते उघडल्याशिवाय कोणाला कळत नाही.

त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बाबांची भजनं. तरुणपणी बाबा आमच्या गावकऱ्यांच्या भजन मंडळात होते. झांज वाजवायचे आणि कोरसमध्ये गायचे. मंडळ डबलबारी करायचं. डबलबारीत दोन मंडळं समोरासमोर बसतात, एकाने गजर म्हटला की दुसऱ्याने त्याच चढाओढीने उत्तर द्यायचं, पहाटेपर्यंत. बाबांच्या मंडळाचे बुवा पेटी वाजवत गायचे आणि बाबा स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून सगळं टेप करायचे. त्या कॅसेटींची एक ट्रंक पलंगाखाली होती.

घराला रंग काढायचा ठरला तेव्हा मी ती ट्रंक बाहेर काढली. कॅसेटींना पांढरी बुरशी आली होती. रोज संध्याकाळी एकेक कॅसेट पूर्ण वाजवून मी ती खोक्यात उतरवून घेतली. दोन महिने आमच्या घरात गजर चालू होता. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकी लिफ्टमध्ये तालात मान हलवायला लागल्या होत्या. सगळं उतरवून झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "आता या टाकून द्या. सगळं खोक्यात आहे, कुठे जात नाही."

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की."

थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग त्यांनी ट्रंक स्वतः खाली नेली आणि रद्दीवाल्याला दिली. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते गेटपाशी उभे होते. हे मी वरून खिडकीतून पाहिलं.

बुवा आता थकले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलतात ते नुसत्या श्वासावर. गंमत म्हणजे एवढी वर्षं गाऊनही त्यांनी स्वतःचं गाणं कधी ऐकलं नव्हतं. रात्रभर गायचं, सकाळी कामावर जायचं, यात टेप कोण ऐकणार. बाबांनी त्या वर्षी त्यांना दसऱ्याच्या संध्याकाळी घरी बोलावलं होतं. फोनवर म्हणाले होते, "बुवानू, येवा तुमी. तुमका तुमचो आवाज ऐकवतंय." फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ घरात उगाच इकडून तिकडे फिरत होते.

खंडेनवमीला पुजलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात. त्यामुळे खोका रात्रभर हार घालून बंद बसला होता. दसऱ्याला सकाळी नऊ वाजता मी बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. फोनवर भजनांची यादी उघडायला गेले तर खोका सापडेना. दहा मिनिटं वाट पाहिली. मग टीव्हीची केबल खोक्याला जोडली, कीबोर्ड लावला आणि पडद्यावर काय दिसतंय ते पाहिलं.

काळ्या पडद्यावर मशीनचं नाव होतं आणि पासवर्ड विचारत होतं. पण ते नाव माझ्या खोक्याचं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी पहिल्यांदा एका कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं होतं, त्याला दिलेलं ते नाव होतं. आताचा पासवर्ड चालला नाही. मग मी कॉलेजातला पासवर्ड टाकून पाहिला. टाइप करताना अक्षरं पडद्यावर उमटत नाहीत याबद्दल मी मनात आभार मानले, कारण बाबा मागे उभे होते. पासवर्डात कोणाचं नाव होतं ते इथेही सांगणार नाही. तो चालला.

आत कॉलेजच्या असाइनमेंट होत्या. मैत्रिणींबरोबर गोराईच्या बोटीत काढलेले फोटो होते. भजन नावाचं काहीच नव्हतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणतेस आणि हात थांबलाय तुझा."

हात खरंच थांबला होता. क्षणभर मला वाटलं की सगळं पुसलं गेलं आणि मशीन आपोआप मागच्या काळात गेलं. मग डोकं चालायला लागलं. चार डिस्कपैकी एक माझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटरमधली होती. जुने फोटो आहेत म्हणून ती तशीच लावली होती, तिच्यावरचं जुनं लिनक्स कधी पुसलंच नव्हतं. आताचं लिनक्स एका छोट्या, नव्या डिस्कवर होतं. उरलेल्या दोन मोठ्या: एकीवर भजनं आणि बाकीचं सामान, दुसरीवर त्याची नक्कल. सुरू होताना मशीन डिस्क ओळीने तपासतं आणि जिच्यावरून चालू होता येईल ती पहिली मिळाली की तिथूनच चालू होतं. आज त्याला कॉलेजची डिस्क आधी मिळाली होती.

मशीन परत सुरू करून मी सेटिंगच्या पानावर गेले. तिथे चारही डिस्कची यादी असते. छोटी नवी डिस्क इतकी वर्षं पहिली होती, ती आता चौथी होती. शेवटची कॉलेजची डिस्क पहिली झाली होती. यादी अशी आपली आपण फिरत नाही.

"बाबा, काल तुम्ही हे उघडलं होतं?"

"उघडल्याशिवाय पुसणार कसं?" बाबा म्हणाले. "आत धूळ बघायची होतीस. उशी भरली असती."

"डिस्कपण काढल्या?"

"चारही. पाणी नाही लावलं हां. कोरड्या फडक्याने, मऊ. वायरीपण पुसल्या."

"आणि परत कशा लावल्या?"

"नीट. वयाप्रमाणे."

मी वळून बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. प्रत्येक डिस्कवरच्या लेबलवर ती कधी बनली ते छापलेलं असतं. बाबांनी चष्मा लावून चारही तारखा वाचल्या होत्या. सगळ्यात जुनी डिस्क सगळ्यात वर, पहिल्या वायरीला. मग तिच्याहून लहान, मग आणखी लहान. छोटी नवी शेवटी. कारखान्यात पहिला हार सगळ्यात जुन्या लेथला घालायचे, कालच्या नव्या मशीनला शेवटी.

"आणि ती चिमुरडी इतकी हलकी," बाबा म्हणाले, "मला वाटलं रिकामीच आहे."

आई आतून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला वाटण लावत ऐकत होती. "घरात मान फक्त मशीनींना," ती म्हणाली.

मला हसू आलं. यादीत छोटी डिस्क परत वर नेऊन ठेवली की झालं, दोन बटणांचं काम. मी बाबांना तसं सांगितलं आणि मशीन सुरू केलं. आता नाव बरोबर आलं. ओळी भराभर वर सरकायला लागल्या. मग एक लाल ओळ आली आणि सगळं थांबलं. चौथ्या जागेवर जी डिस्क सांगितली आहे ती तिथे नाही, असं ती ओळ म्हणत होती. खाली दोन कळा एकदम दाबून पुढे जायची सोय होती. चौथी डिस्क जुन्या फोटोंची, ती सध्या नसली तरी चालेल, असा विचार करून मी दोन्ही कळांवर बोटं ठेवली.

ती दाबली नाहीत हे माझं नशीब. चौथी जागेवर नाही, तर दुसरी आणि तिसरी तरी जागेवर आहेत का, असं त्या क्षणी मनात आलं.

हे सगळं मी शिकाऊ असताना मांडलं होतं. कोणती डिस्क कुठे उघडायची याची एक यादी लिनक्सला द्यावी लागते. त्या यादीत मी लिहिलं होतं: दुसऱ्या जागेवरची डिस्क ती भजनांची, तिसऱ्या जागेवरची ती नकलेची. प्रत्येक डिस्कला स्वतःचा एक लांबलचक क्रमांक असतो, तो कुठेही लावली तरी बदलत नाही, आणि यादीत तोच लिहावा, हे मला नंतर कळलं होतं. पण चालतंय ना, म्हणून मी यादी तशीच ठेवली. आता नकलेची डिस्क होती भजनांच्या डिस्कपेक्षा जुनी. बाबांच्या ज्येष्ठतेच्या हिशोबाने ती दुसरी झाली आणि भजनांची तिसरी.

खोका चालू झाल्यावर दहा मिनिटांनी आपोआप नक्कल करायला घ्यायचा. दुसऱ्या डिस्कवर जे असेल ते तिसरीवर करायचं, आणि दुसरीवर नसेल ते तिसरीवरून काढून टाकायचं. एरवी यात धोका नव्हता. पण नकलेची डिस्क कधीच भरली होती. मालिकांनी भरली होती. जागा नाही असा इशारा खोका मला महिनोन्महिने पाठवत होता आणि मी तो बघून पुढे सरकवत होते. भजनं नकलेत पोचलीच नव्हती. मी त्या कळा दाबल्या असत्या तर दहा मिनिटांनी खोक्याने भजनांच्या डिस्ककडे बघितलं असतं, ही भजनं तर तिकडे नाहीत असं ठरवलं असतं, आणि माझ्याच आज्ञेवरून एकेक करून ती काढून टाकली असती.

मी भिंतीतला प्लग ओढून काढला.

"अगं," बाबा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं. नक्कल अर्धवट होती तेवढं सोडून सगळं सांगितलं. भजनं अजून असावीत, पण जागांची गडबड झाली आहे, चुकीचं काही केलं तर जातील. बाबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "खडूने खूण नाही केली मी."

"कसली खूण?"

"काहीही खोललं की आधी खूण करायची. हा कुठला, तो कुठला. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. घरातलंच आहे म्हणून नाही केली." ते उठले आणि फोन हातात घेतला. "बुवांना सांगतो, आज नका येऊ."

"नका सांगू."

"त्यांना तयारी लागते गं. सून रिक्षा करून आणणार. येऊन बसतील आणि आपण काय, वडे खायला घालणार?"

"वड्यांत काय वाईट आहे?" आई आतून म्हणाली.

"चार वाजेपर्यंत थांबा," मी म्हणाले. "चारला मी सांगते हो की नाही."

मी सहसा कोणाला अशी वेळ देत नाही. ऑफिसातही कधी होईल विचारलं की "बघते" म्हणते. बाबांनी फोन खाली ठेवला. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं.

लॅपटॉपवर एका फोरमवर मी प्रश्न लिहायला घेतला. पाच ओळी लिहिल्या आणि पुसल्या. माझ्या वडिलांनी डिस्क वयाप्रमाणे लावल्या, हे परक्या लोकांना कसं समजावणार, आणि समजल्यावर ते बाबांना हसले असते. ते मला नको होतं. मी खोक्याचं झाकण उघडलं.

आत इतकं स्वच्छ होतं की मशीन नवं वाटत होतं. प्रत्येक डिस्कच्या लेबलावर मधोमध हळदीकुंकवाचं बोट. तळाला पंख्याशेजारी तीन अक्षता. कुंकू नेमकं प्रत्येक डिस्कच्या नंबरावर लागलं होतं.

"माहेरचं नाव झाकणारच ना," मी म्हणाले, "लग्न लागलंय चौघींचं."

बाबा पहिल्यांदा हसले. पान्यांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर आणि बारीक चिमटा घेऊन ते खाली मांडी घालून बसले. मी ठरवलं की आधी चारही वायरी काढायच्या, फक्त छोटी डिस्क जोडायची आणि मशीन चालू करायचं. नक्कल करायचं काम बंद करायचं. मग एकेक डिस्क लावायची, तिचा कायमचा क्रमांक यादीत लिहायचा आणि मगच पुढची. बाबांना हे लगेच पटलं. "असंच करतात," ते म्हणाले, "एकदम सगळं कधी चालू करायचं नाही."

छोटी एकटी जोडली. मशीन चालू झालं, लाल ओळ आली, पण आता मी त्या कळा निर्धास्त दाबल्या. पुसायला आत काही नव्हतंच. नक्कल बंद केली. जुनी यादी खोडली.

"आता पुढची," मी म्हणाले. "लेबलवरचे शेवटचे चार आकडे सांगा."

बाबांनी ओल्या बोटाने कुंकू पुसलं. "त्र्याऐंशी, एकोणसत्तर."

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"इंग्लिश मीडियम," आई आतून म्हणाली.

"एट थ्री, सिक्स नाइन," बाबा म्हणाले. "एवढी फी भरली आपण, आणि एकोणसत्तर अडतंय."

"एकोण म्हणजे पुढचं की मागचं तेवढं सांगा, बाकी येतं मला."

ती नकलेची डिस्क निघाली. क्रमांक लिहिला, डिस्क बाजूला काढून ठेवली. बाबांनी पांढरी चिकटपट्टी कापून तिच्यावर मार्करने "नक्कल" लिहिलं, आणि वायरीवरही तसंच. पुढची कॉलेजची. तिच्यावर त्यांनी न विचारता "जुनी" लिहिलं. मी तिच्यावरच्या फाइली लॅपटॉपवर उतरवायला लावल्या. त्या उतरेपर्यंत आईने जेवायला बसवलं. खिडकीच्या ग्रिलमधून माकडाने तोरणातला अर्धा झेंडू नेला होता आणि ती काठी घेऊन एका हाताने वाढत होती. मी दोन घावणे खाल्ले ते कशाशी खाल्ले आठवत नाही. बाबा घड्याळ बघत नव्हते, म्हणजे मुद्दाम बघत नव्हते.

तीन वाजून गेल्यावर शेवटची डिस्क जोडली. मी ती फक्त वाचता येईल, तिच्यावर काही लिहिता येणार नाही, अशा रीतीने उघडली. काम व्यवस्थित आणि हळू करत होते, पण एंटर दाबताना मी बाबांकडे बघितलं नाही.

सगळी नावं आली. कॅसेट एक, बाजू अ. कॅसेट एक, बाजू ब. पडद्याच्या खालपर्यंत आणि त्याच्याही खाली.

"आहेत," मी म्हणाले.

"वाजव," बाबा म्हणाले. "नावं काय, नावं रिकाम्या डब्यावरपण असतात."

मी मधलीच एक लावली. खरखर, कोणीतरी खोकलं, पेटीचा सूर आला आणि मग बुवांचा आवाज टीव्हीतून अख्ख्या घरात. आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. बाबा स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवून ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "बंद कर. संध्याकाळसाठी ठेवू."

झाकण लावताना मी त्यांना म्हणाले, "तुम्ही जागा बदलल्या म्हणून झालं नाही हे. मी जागेवर विसंबून राहिले म्हणून झालं. कोणीही वायर काढली असती तरी हेच झालं असतं."

"काढली कोणी?"

"तुम्ही."

"मग," बाबा म्हणाले, आणि शेवटचा स्क्रू आवळला.

बुवा सहाला आले. सुनेचा हात धरून, पांढराशुभ्र सदरा, गळ्याभोवती मफलर. दारातच त्यांनी बाबांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि श्वासाने "सोना घे" म्हणाले. मी नमस्कार करून स्वयंपाकघरात जाणार होते, पण खोक्याजवळ कोणीतरी लागतं म्हणून टीव्हीशेजारी स्टुलावर बसले. पाहुणे असताना हॉलमध्ये इतका वेळ बसायची माझी ती पहिलीच वेळ.

बाबांनी खूण केली, मी गजर लावला.

बुवा आधी इकडेतिकडे बघत होते, एखाद्या दुसऱ्याच्या घरचा फोटो बघावा तसं. मग त्यांनी बाबांना विचारलं, "ह्यो मी?"

"तुमीच. दुसरो कोण?"

बुवांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर पेटीच्या पट्ट्या दाबायला लागली. त्यांची सून माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. मला वाटलं आता ते रडतील, आणि काय करावं ते कळेना म्हणून मी आवाज थोडा कमी केला. बुवांनी डोळे न उघडताच हाताने खूण केली, वाढव.

गजर संपला. बुवा पुढे झुकले. आम्ही सगळेच झुकलो, कारण त्यांचं बोलणं जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही.

"आवाज बरो होतो," ते म्हणाले. "पन ताल पळता. पखवाजवाल्याक गाडी पकडूची होती काय?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"आनी तू," बुवांनी बाबांकडे बोट केलं, "तू झांज खय मारतंस? माझ्या शब्दावर मारतंस. त्येवाच सांगाचा होता. ऐकाक गावला नाय."

"आता सांगलास," बाबा म्हणाले.

"परत लाव गो."

मी परत लावला. या वेळी त्यांनी तीनदा थांबवायला लावलं. एका ठिकाणी आपण ओळ विसरलो होतो आणि कोरसने सांभाळून घेतलं, ते त्यांनी दाखवलं. एका ठिकाणी समोरच्या मंडळाच्या बुवांनी मध्येच हसून डिवचलं होतं. तिथे बुवांनी माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "त्याचा उत्तरपन आसा तुज्याकडे?" होतं. बाबांनी ती रात्र पूर्ण टेप केली होती. मी समोरच्या मंडळाची बारी लावली आणि बुवा सोफ्यावर सरळ होऊन बसले. वडे थंड झाले. आईने ते परत गरम केले.

निघताना त्यांच्या सुनेने हळूच विचारलं, "हे आम्हाला देता येईल का गं?"

त्या आठवड्यात मी नकलेच्या डिस्कवरच्या जुन्या मालिका काढून टाकल्या. आईला विचारून, तिच्या यादीतले चार भाग ठेवून. मग सगळी भजनं तिच्यावर उतरवली आणि प्रत्येक फाइल मोजून पाहिली. नक्कल आधी अर्धवट होती हे बाबांना तेव्हाही सांगितलं नाही. हे छापून आलं की वाचतील. बुवांसाठी एक पेन ड्राइव्ह भरला, गावच्या देवळाच्या मंडळासाठी एक, आणि एक बाबांच्या पान्यांच्या पेटीत.

दिवाळीत बुवांच्या सुनेचा फोन आला. मी सहसा फोन उचलत नाही, तो उचलला. ती हसतच होती. म्हणाली, बुवा सकाळी सहाला उठून पेन ड्राइव्ह लावतात. वरच्या मजल्यावरून रोज कोणीतरी खाली येऊन आवाज कमी करा म्हणतं. आणि गजर चालू असताना ते टीव्हीसमोर बसून स्वतःलाच ओरडतात, तिथे नको, तिथे सूर सोड, श्वास घे आधी.

"ऐकू येतं तुम्हाला ते?" मी विचारलं.

"आम्हाला नाही येत," ती म्हणाली. "पण ते टेपमधल्या स्वतःशी बोलतात ना, आमच्याशी नाही. काल म्हणाले, आता तो जरा ऐकायला लागलाय."